उसन्या गाण्यांचे प्रेम : रोमँटिक कॉमेडीतील संगीताची पार्श्वभूमी

चार्ली चॅप्लिन यांचा ‘सिटी लाइट्स’ 1931 साली प्रदर्शित झाला, तेव्हा बोलपट रुळून काही वर्षे झाली होती. तरीही त्यांनी चित्रपटात संवाद घेतले नाहीत, श्रेयनामावलीत त्याला ‘मूकाभिनयातील प्रेमविनोदिका’ अशा अर्थाचे उपशीर्षक दिले आणि पार्श्वसंगीत स्वतः रचले. मात्र आंधळ्या फूलवालीसाठी वाजणारी चाल त्यांची नव्हती. ती स्पॅनिश संगीतकार होसे पादिया यांच्या ‘ला व्हायोलेतेरा’ या गाण्याची होती, आणि ते गाणेही फुले विकणाऱ्या मुलीचेच आहे. ज्याला गाणे ठाऊक होते, त्याला ती मुलगी कोण हे चालीतूनच कळत होते. श्रेय न दिल्याबद्दल पादिया यांनी दावा लावला आणि तो जिंकला. प्रेक्षकाला आधीपासून माहीत असलेले गाणे उसने आणायचे, त्याच्याबरोबर येणाऱ्या आठवणीकडून पात्रांच्या मनातले वदवून घ्यायचे आणि मग हक्कांचा हिशेब चुकता करायचा, हा या चित्रप्रकाराचा पुढचा बराचसा इतिहास त्या एका चालीत बीजरूपाने दिसतो.

तीसच्या दशकातल्या हॉलिवूडमधील विनोदी प्रेमपटांत मात्र पार्श्वसंगीत फारच थोडे असे. त्या चित्रपटांचा जीव वेगवान, एकमेकांना छेदणाऱ्या संवादांत होता, आणि शब्दांखाली वाद्यवृंद घातला की विनोदाची वेळ चुकण्याची भीती असे. संगीत येई ते कथेच्या आतूनच. ‘इट हॅपन्ड वन नाइट’ (1934) मध्ये बसमधले प्रवासी मिळून एक जुने लोकप्रिय गाणे म्हणू लागतात आणि श्रीमंत घरातून पळालेली नायिका प्रथमच त्या गर्दीतली एक होते. शेवटी तर नायक-नायिका पडद्यावर दिसतच नाहीत. खोलीबाहेर खेळण्यातल्या तुतारीचा आवाज तेवढा ऐकू येतो, दोघांमधला पडदा म्हणून टांगलेले पांघरूण खाली पडते आणि चित्रपट संपतो. जे दाखवणे शक्य नव्हते, ते एका ओबडधोबड सुराने सांगून टाकले. ‘ब्रिंगिंग अप बेबी’ (1938) मध्ये 1928 सालचे एक प्रेमगीत चक्क बिबट्याला शांत करण्यासाठी गायले जाते. प्रेमगीताची इतकी प्रेमळ थट्टा क्वचितच कोणी केली असेल.

थट्टेचा हा धागा ‘पिलो टॉक’ (1959) मध्ये आणखी पुढे जातो. यातला नायक संगीतकार आहे आणि एकच गाणे मुलीचे नाव बदलून प्रत्येक प्रेयसीला ऐकवतो; टेलिफोनची लाइन सामाईक असल्यामुळे नायिकेला ही लबाडी कानांनीच कळते. त्यानंतर दोनच वर्षांनी, ‘ब्रेकफास्ट ॲट टिफनीज’ (1961) साठी हेन्री मॅन्सिनी यांनी ‘मून रिव्हर’ची चाल ऑड्री हेपबर्न यांच्या मर्यादित आवाजाचा अंदाज घेऊन बांधली आणि जॉनी मर्सर यांनी तिला शब्द दिले. गिटार घेऊन खिडकीत बसलेल्या नायिकेचा आवाज साधा, किंचित कापरा आहे. एखाद्या तयार गायिकेने ते गाणे गायले असते तर ते दृश्य हातचे गेले असते, असे माझे मत आहे. या चित्रपटाला गीत आणि संगीत अशी दोन ऑस्कर पारितोषिके मिळाली.

खरा बदल ‘द ग्रॅज्युएट’ने (1967) केला. दिग्दर्शक माइक निकोल्स यांनी सायमन आणि गारफंकेल या अमेरिकी गायकजोडीची आधीच बाजारात असलेली गाणी चित्रपटात तशीच ठेवली. या गाण्यांनी नायकाच्या अबोलपणाला आवाज दिला, आणि तयार ध्वनिमुद्रणेही रचलेल्या पार्श्वसंगीताची जागा घेऊ शकतात हे उद्योगाच्या लक्षात आले. याउलट वुडी ॲलन यांनी ‘ॲनी हॉल’ (1977) जवळपास पार्श्वसंगीताविना ठेवला. त्यात डायान कीटन नाइट क्लबमध्ये ‘इट हॅड टू बी यू’ हे 1924 सालचे गाणे गातात, तेव्हा श्रोत्यांचे लक्षही धड नसते. हेच गाणे ‘व्हेन हॅरी मेट सॅली’ (1989) मध्ये हॅरी कॉनिक ज्युनियर यांच्या आवाजात परत आले. पात्रे वर्षानुवर्षे ‘आपण फक्त मित्र आहोत’ असे म्हणत असताना ही जुनी गाणी त्यांना खोटे पाडत राहतात.

नव्वदच्या दशकात हा प्रकार धंदा म्हणूनही फोफावला. ‘प्रिटी वुमन’ला (1990) शीर्षकच रॉय ऑर्बिसन यांच्या 1964 सालच्या गाण्यावरून मिळाले, तर त्यातले रॉक्सेट या स्वीडिश पॉप जोडीचे गाजलेले विरहगीत मुळात 1987 सालचे नाताळचे गाणे होते. ‘फोर वेडिंग्ज अँड अ फ्युनरल’ (1994) साठी वेट वेट वेट या बँडने ‘लव्ह इज ऑल अराउंड’ नव्याने गायले आणि ते ब्रिटनमध्ये सलग पंधरा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

अशा गाण्यासाठी निर्मात्याला दोन परवानग्या घ्याव्या लागतात: एक रचनेची, दुसरी विशिष्ट ध्वनिमुद्रणाची. नव्याने गाऊन घेतले तर दुसरी टळते, पण मूळ आवाजाबरोबर येणारी आठवणही गमवावी लागते. योग्य गाणे चित्रीकरणाच्या वेळी ठरलेले असतेच असेही नाही. ‘से एनीथिंग’ (1989) मध्ये नायक प्रेयसीच्या खिडकीखाली टेपरेकॉर्डर डोक्यावर धरून उभा राहतो आणि पीटर गॅब्रिएल यांचे ‘इन युअर आइज’ ऐकू येते. चित्रीकरण चालू असताना त्या यंत्रातून वेगळेच गाणे वाजत होते.