अँटेनाच्या जागी केबल कनेक्शन

गच्चीवरच्या अँटेनाची वायर टीव्हीच्या मागून काढायची आणि त्याच भोकात केबलवाल्याची पिन खोचायची, मूळ प्रकार एवढाच. महाराष्ट्रात हे घरोघरी झालं ते १९९० नंतर. मुंबईत जरा आधीच, कारण तिथे ऐंशीच्या दशकातच काही बिल्डिंगांमध्ये कोणीतरी व्हीसीआर लावून सगळ्या मजल्यांना वायरीतून पिक्चर दाखवायचं.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. मुंबईतल्या अँटेनांची तोंडं वरळीच्या टॉवरकडे, पुण्यातल्यांची सिंहगडाकडे. ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि तिथून खाली येणारी दोन तारांची चपटी वायर. जोराचा वारा सुटला किंवा कावळे बसले की तोंड हलायचं, पडद्यावर मुंग्या यायच्या, मग एकजण वर पाईप फिरवतोय, दुसरा जिन्यात उभा राहून निरोप पोचवतोय आणि तिसरा टीव्हीसमोरून "आलं, आलं... अरे गेलं!" उंच बिल्डिंगवर आपटून येणारा सिग्नल किंचित उशिरा पोचायचा, त्यामुळे बातम्या देणाऱ्या बाईंच्या शेजारी त्यांचीच फिकट सावली बसलेली असायची.

१९९१ च्या आखाती युद्धात सीएनएन, मग स्टार, १९९२ च्या ऑक्टोबरात झी, आणि केबलवाल्यांचे दिवस फिरले. केबलवाला मोठ्या छत्रीने उपग्रहावरून चॅनल उतरवून घ्यायचा, प्रत्येकाला वेगळी फ्रिक्वेन्सी द्यायचा आणि सगळे एकाच गोल कोअॅक्सियल वायरीत सोडायचा. सिग्नल हवेतून आला की तारेतून, टीव्हीच्या ट्यूनरला, म्हणजे चॅनल पकडणाऱ्या भागाला, काही देणंघेणं नसतं, म्हणून तर तीच पिन चालली. ही वायर ७५ ओहमची, चपटी ३०० ची (हा वायरीच्या विद्युत विरोधाचा आकडा, तो टीव्हीशी जुळावा लागतो), त्यामुळे मागे पिनेच्या भोकाऐवजी फक्त स्क्रू असलेल्या जुन्या सेटला मध्ये बलून नावाचा छोटासा ट्रान्सफॉर्मर लागायचा. मोजकीच बटणं असलेल्या टीव्हीवर सगळे चॅनल बसायचेही नाहीत, त्यासाठी वेगळा कन्व्हर्टर.

अँटेना काढला तरी दूरदर्शन गेलं नाही, कारण १९९५ च्या केबल कायद्याने ते दाखवणं केबलवाल्यांना बंधनकारकच केलं. तरी काहीजण दोन्ही वायरी पिळून एकत्र जोडायचे, जे अजिबात करू नये: एकच चॅनल दोन वाटांनी येऊन चित्र बिघडतं आणि वर केबलचा सिग्नल अँटेनातून बाहेर पडून शेजाऱ्याला त्रास, तो वेगळाच. माझ्या मते ज्याला फक्त दूरदर्शनच बघायचं होतं आणि टॉवर जवळ होता त्याला केबलची गरज नव्हती, अँटेनाला महिन्याचं बिल नव्हतं.

पिन थेट टीव्हीत खोचायचे दिवस डिजिटलमुळे संपले. मुंबईत २०१२ च्या अखेरीस आणि पुणे, नागपूर, नाशिकला २०१३ मध्ये सेटटॉप बॉक्स सक्तीचा झाला. चॅनल कुलूपबंद येतात, बॉक्सशिवाय उघडत नाहीत, मग टीव्ही कितीही नवा असो. २०१९ मध्ये ट्रायने, म्हणजे टीव्ही-टेलिफोनच्या सरकारी नियामकाने, १०० चॅनलपर्यंत नेटवर्कचं भाडंच महिना १३० रुपयांपर्यंत ठेवलं होतं, टॅक्स वेगळा आणि पे चॅनलचे पैसे त्याहून वेगळे.

दूरदर्शननेही नंतर जुने ॲनालॉग ट्रान्समीटर जवळपास सगळे बंद केले, त्यामुळे जुना अँटेना परत लावून बहुतेक ठिकाणी उपयोग नाही. महिन्याचे पैसे नको असतील तर डीडी फ्री डिश आहे, पण त्याला स्वतःची छत्री आणि सहसा वेगळा बॉक्स लागतो. छत्रीची वायर केबलच्या बॉक्सला लावू नका, पिन सारखीच दिसते आणि बसतेही, पण काही दिसणार नाही.