कॉलेजात बौद्ध विद्यार्थी मंडळ : परवानगी आणि कागदपत्रं

कॉलेजच्या आवारापुरतं मंडळ काढायला संस्था नोंदणी लागत नाही. प्राचार्यांची लेखी परवानगी पुरते. १८६० च्या कायद्याखालची नोंदणी, किमान सात सभासद वगैरे, हा पुढचा विषय. मंडळाच्या नावानं बँक खातं काढायचं ठरलं तरच त्यात पडा.

चालू वर्षी प्रवेश घेतलेला कोणीही सभासद होऊ शकतो, बौद्ध असो वा नसो. जातीचा दाखला जोडू नका, तो शिष्यवृत्तीला लागतो. यादीत माजी विद्यार्थी किंवा गावातले कार्यकर्ते असले की अर्ज हमखास परत येतो.

अर्जासोबत सभासदांची यादी (वर्ग, रोल नंबर, सही), ओळखपत्रांच्या झेरॉक्स, एका प्राध्यापकाचं मार्गदर्शक म्हणून संमतीपत्र आणि वर्षभरातल्या कार्यक्रमांच्या तारखा द्या. दोन प्रती करा. एक आवक विभागात देऊन दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. नुसता टेबलावर ठेवलेला अर्ज महिनाभरानं सापडत नाही.

खरी अडचण येते अर्जासोबतच्या हमीपत्रात. घटनेच्या कलम २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी खर्चावर चालणाऱ्या कॉलेजात धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त कॉलेजात ते आणि उपासना चालते, पण कोणावर सक्ती करता येत नाही. म्हणून ‘सहभाग ऐच्छिक राहील, तासिकेच्या वेळेत कार्यक्रम होणार नाही’ हे स्पष्ट लिहा. अकरावी-बारावीची मुलं १८ च्या आतली असतात, त्यांच्या पालकांचं संमतीपत्र वेगळं घ्या. सरकारी कॉलेजात अर्ज ‘अभ्यासमंडळ’ म्हणून करा, आणि मग खरोखर अभ्यासच करा. नाव एक नि काम दुसरं, हे पहिल्याच तक्रारीत उघडं पडतं.

तारखा जपून टाका. १४ ऑक्टोबर आणि दसऱ्याच्या सुमारास निम्मी मुलं दीक्षाभूमीला असतात, ६ डिसेंबरला चैत्यभूमीला. कार्यक्रम आठवडाभर आधी घ्या. भन्तेजींना (बौद्ध भिक्खूंना) बोलावणार असाल तर भोजनदान दुपारी बाराच्या आत उरकायला हवं. आषाढ ते आश्विन पौर्णिमा वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा एकाच विहारातला पावसाळी मुक्काम, असतो, तेव्हा संध्याकाळी विहारात परतता येईल अशा जवळच्याच भन्तेंना विनंती करा. भोंगा लावायचा तर पोलीस ठाण्याची वेगळी लेखी परवानगी लागते. आणि शेवटची एसटी किती वाजता सुटते ते बघूनच वेळ लिहा, नाहीतर सुरुवातीच्या त्रिशरण-पंचशील पठणानंतर बाहेरगावच्या मुली उठून जातात आणि व्याख्यानाला खुर्च्या रिकाम्या.