पशुधनातील प्रतिजैविक-प्रतिरोधाचा मागोवा व त्याचा निधी (कोकण)

गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या यांच्या अंगातले जंतू कोणत्या औषधाला दाद देईनासे झाले, हे नमुने तपासून वर्षानुवर्षे नोंदवत राहण्याची पद्धत म्हणजे प्रतिरोधाचा मागोवा. येथे तिच्या साधनांचा आणि त्यांना लागणाऱ्या पैशाचा कोकणापुरता विचार केला आहे.

साधने फारशी झगमगीत नाहीत. गाईला दगडी (कासदाह) झाली, तर औषध टोचण्याआधी सडाचे टोक स्पिरिटने पुसून, पहिल्या धारा सोडून, पुढचे दूध निर्जंतुक बाटलीत धरायचे आणि बर्फावर ठेवून प्रयोगशाळेत न्यायचे. तेथे जंतू वेगळा करून थाळीतल्या म्युलर-हिंटन या जंतू वाढवण्याच्या माध्यमावर पसरतात, वर औषधांच्या चकत्या ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक चकतीभोवतीचे मोकळे वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजतात. वर्तुळ ठरलेल्या मापापेक्षा लहान भरले, तर जंतू त्या औषधाला जुमानत नाही. आकडे भरण्यासाठी ‘व्होनेट’ ही संगणकप्रणाली फुकट मिळते. चकत्या, माध्यम, बर्फाची पेटी आणि हे काम जाणणारा माणूस मात्र फुकट मिळत नाही. कोकणात त्यावर घाटाचा खर्च चढतो. आषाढात दरड कोसळली की सिंधुदुर्गातून पुण्याकडे निघालेला नमुना वाटेतच बाद होण्याची भीती असते.

भारतात मत्स्य व पशुधनातील प्रतिरोधावर देखरेख ठेवणारे ‘इन्फार’ हे जाळे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने उभारले. त्याच्या पहिल्या अहवालात 2019 ते 2022 या काळातली माहिती आहे. परदेशी निधींत ब्रिटनचा फ्लेमिंग फंड मोठा. 2015 मध्ये जाहीर झालेल्या या 26.5 कोटी पौंडांच्या योजनेने गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत माणसांच्या आणि जनावरांच्या प्रयोगशाळांना हात दिला, पण तो गुंडाळण्याचा निर्णय 2025 मध्ये झाला. प्रतिरोधाविरुद्धच्या कामासाठी संयुक्त राष्ट्रांच्या संस्था देणगीदार देशांच्या पैशातून चालवतात तो बहुपक्षीय विश्वस्त निधी 2019 पासून आहे. प्रतिरोधावरच्या 2024 च्या संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यात देशांच्या कृती-आराखड्यांना बळ देण्यासाठी 10 कोटी डॉलर उभारण्याचे लक्ष्य ठरले. असा पैसा मुदतीचा असतो आणि मागोव्याला मुदत नसते, हे दुखणे जुनेच.

कोकणात औषधवापराच्या नोंदींतली विषमता वेगळी आहे. रायगडकडे करारावर ब्रॉयलर पाळणाऱ्याला पिल्ले, खाद्य आणि औषध कंपनीच पुरवते, त्यामुळे औषधाचा हिशेब निदान कंपनीच्या वहीत असतो. परसातल्या कोकण कपिला गाईचा किंवा कोकण कन्याळ शेळीचा हिशेब कुणाकडेच नसतो. कानातला बारा आकडी बिल्ला आणि ‘भारत पशुधन’ नोंदप्रणाली ही उणीव भरून काढू शकतात, पण उपचार करणाऱ्याने तेथे औषधाचे नाव भरले तर. खाजगीत टोचलेली सुई तेथे पोहोचत नाही. कोलिस्टिन या माणसांसाठी अखेरचा उपाय म्हणून राखलेल्या प्रतिजैविकावर अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत 2019 पासून बंदी आहे. ती गावपातळीवर कितपत पाळली जाते, हे अशा नोंदींवाचून तपासायचे कसे?

परदेशी निधी आटल्यावर नजर जिल्हा वार्षिक योजनेकडे वळते. तेथे दवाखान्याची इमारत किंवा फिरत्या पथकाची गाडी मागणे सोपे आहे. दर वर्षी संपणाऱ्या चकत्यांचे आणि बर्फाचे पैसे मागायचे, तर कायम खर्चाचे वेगळे शीर्ष लागेल.