वाळूपट्टीतील सागरी कृमी

भरतीला पाण्याखाली जाणाऱ्या आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाळूच्या किंवा रेताड चिखलाच्या सपाट पट्टीत बिळे करून राहणारे कृमी. यांतले बहुतेक वलयी संघातल्या पॉलिकीटा गटाचे, म्हणजे गांडुळाचे दूरचे नातेवाईक आहेत. त्यांच्या शरीराच्या प्रत्येक वलयाला दोन्ही बाजूंनी मांसल पार्श्वपाद (पायांसारखे उंचवटे) असतात आणि त्यांवर दृढरोमांचे, म्हणजे ताठ केसांचे, झुबके असतात. शेंगदाण्यासारखे सायपनक्युला, सूत्रकृमी आणि बॅलॅनोग्लॉसससारखे शुंडकृमी याच पट्टीत सापडतात, पण ते वेगळ्या गटांतले आहेत.

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत हे प्राणी बहुधा बाटलीतच भेटतात. नीरिस हा वलयी संघाचा नमुना म्हणून प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो. फॉर्मॅलिनमध्ये वर्षानुवर्षे राहून पिवळट, ताठ झालेला नमुना पाहून विद्यार्थी पार्श्वपाद मोजतो, आकृती काढतो आणि पुढे जातो. यात घोटाळा असा होतो, की बिळाबाहेर काढलेला हा कृमी अर्धाच प्राणी असतो. त्याचे खाणे, श्वास, प्रजनन, शत्रूपासून बचाव हे सगळे बिळाच्या आकारावर आणि पाण्याच्या वेळापत्रकावर बेतलेले असते. मराठवाड्याचे समुद्राशी खरे नाते आहे ते गोदावरीतून, आणि तेही पूर्वेकडे. पैठण, गंगाखेड, नांदेड करत गेलेला काळ्या दगडाचा गाळ बंगालच्या उपसागराला मिळणाऱ्या नदीमुखाशी बसतो आणि तिथल्या चिखलपट्ट्यांत असेच कृमी राहतात. १९७६ साली पूर्ण झालेल्या जायकवाडीसारख्या धरणांमागे गाळ अडतो, तेव्हा त्या पट्ट्यांच्या वाट्याला तेवढा कमी येतो.

पट्टीची रचना : वरून एकसारखी दिसणारी पट्टी उभी कापली तर दोन रंग दिसतात. वरचा थर तपकिरी, प्राणवायू असलेला. तो भरड वाळूत काही सेंटिमीटर, तर बारीक चिखलात काही मिलिमीटरच असतो. त्याखाली काळा थर लागतो. तिथे प्राणवायू नसतो, जिवाणू समुद्रातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि ते लोहाशी मिळून काळे सल्फाइड बनते. फावड्याने माती उलटली की नासक्या अंड्याचा वास येतो तो याचाच. कृमीच्या बिळाची भिंत मात्र या काळ्या थरातही तपकिरी असते, कारण तो वरून पाणी खेळवत राहतो. उभ्या छेदात काळ्या मातीत तपकिरी रेघ दिसली की तिथे कोणी तरी जिवंत आहे, किंवा नुकतेच होते, असे समजावे.

ॲरेनिकोला हा वाळूतला कृमी पाहण्याजोगा आहे. युरोपच्या किनाऱ्यावरील ॲरेनिकोला मरीना याचा अभ्यास सर्वांत जास्त झाला आहे. मुंबईच्या किनाऱ्यावरून केवलरामाणी, वाघ आणि रानडे यांनी १९५९ साली ॲरेनिकोला बॉम्बेएन्सिस ही जाती वर्णिली. मरीनाचे बीळ इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखे असते, २० ते ४० सेंटिमीटर खोल. शेपटीकडची नळी उघडी असते आणि तिच्या तोंडाशी शेवयांच्या गुंडाळीसारखा विष्ठेचा ढीग पडतो. डोक्याकडे नळी नसतेच. तिथे सैल वाळूचा उभा स्तंभ असतो आणि पृष्ठभागावर बशीसारखा खळगा. कृमी शेपटीकडून पाणी आत ओढतो, ते कल्ल्यांवरून पुढे ढकलतो आणि डोक्याकडच्या वाळूतून वर सोडतो. त्या प्रवाहाने वाळू सैल होऊन खाली सरकते, वरची ताजी, जिवाणू आणि शैवाल लागलेली वाळू तोंडापर्यंत येते आणि कृमी ती गिळतो. मोठा प्राणी साधारण ४० मिनिटांनी एकदा मागे सरकून शेपूट वर आणतो आणि एक नवी गुंडाळी टाकतो. गुंडाळी आणि खळगा मिळून एक घर, हे गणित धरूनच पट्टीवरचे कृमी मोजतात. पण ओहोटी लागल्या लागल्या मोजले तर आकडा कमी येतो, कारण लाटांनी जुन्या गुंडाळ्या पुसलेल्या असतात आणि नव्या यायच्या असतात. तासभर थांबून मोजावे.

पाणी निघून गेल्यावर श्वासाचा प्रश्न येतो. ॲरेनिकोलाचे हिमोग्लोबिन पेशींत नसून रक्तात सुटे विरघळलेले असते आणि त्याचा रेणू माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा कितीतरी मोठा असतो. ते प्राणवायू घट्ट धरून ठेवते. तेही पुरेना झाले की प्राणी प्राणवायूविना ऊर्जा मिळवण्याच्या मार्गावर जातो आणि पाणी परत येईतो वेळ काढतो.

बाकीच्यांची तऱ्हा वेगळी. डायोपॅट्रा चिवट नळी बांधतो आणि तिच्या बाहेर आलेल्या टोकाला शिंपल्यांचे तुकडे, काड्या, पानांचे लचके चिकटवतो. ही नळी हाताने उपसणारा हमखास फसतो. पायांचा धक्का जाणवताच प्राणी खोल जातो आणि हाती रिकामी नळी येते. बाजूने खड्डा करून खालून वर यावे लागते. ग्लायसेरा हा शिकारी. त्याची शुंडा (तोंडातून बाहेर येणारी सोंड) झटक्यात बाहेर पडते आणि टोकाला चार विषारी जबडे असतात. त्या जबड्यांत तांब्याचे खनिज असते, तर नीरिसच्या जबड्यांत जस्त. स्पायोनिड कृमी बारीक नळीतून दोन लांब संस्पर्शके बाहेर काढून पृष्ठभाग झाडतात.

प्रजनन : इथे गांडुळाची सवय सोडावी लागते. गांडूळखताच्या वाफ्यात दिसणारे गांडूळ उभयलिंगी असते, त्याला पर्याणिका (शरीराभोवतीचा जाड पट्टा) असते आणि ते कोशात अंडी घालते. बहुतेक पॉलिकीटांत नर-मादी वेगळे, पर्याणिका नाही, कायमच्या जनन ग्रंथीही नाहीत. युग्मके (अंडी किंवा शुक्राणू) देहगुहेत, म्हणजे शरीराच्या पोकळीत, सुटी होऊन तिथेच वाढतात, आणि पक्व मादी उजेडात धरली की भित्तीतून अंडी दिसतात. फलन शरीराबाहेर होते. मग अडचण एकच : समुद्र मोठा, शुक्राणू अल्पायुषी. सगळ्यांनी एकाच वेळी युग्मके सोडली नाहीत तर सगळे वाया जाते. या एकाच अडचणीवर वेगवेगळ्या जातींनी वेगवेगळी उत्तरे काढली आहेत.

ॲरेनिकोला मरीना बीळ न सोडता प्रजनन करतो. शरद ऋतूत, एखाद्या ठिकाणी वर्षातून मोजके काही दिवस, ओहोटीच्या वेळी नर शेपटीकडच्या नळीच्या तोंडातून शुक्राणू वर सोडतात आणि वाळूवर दुधाळ थारोळी साचतात. भरतीचे पाणी चढले की ती विरघळून पसरतात. माद्या अंडी बिळातच सोडतात आणि एरवी श्वासासाठी चालणारा पंप शुक्राणू मिसळलेले पाणी आत ओढतो. अंड्यांचा सुरुवातीचा विकास बिळातच होतो. नरात शुक्राणू हलते करण्याची कळ एका मेदाम्लाने दाबली जाते, ते म्हणजे ८,११,१४-आयकोसाट्रायइनॉइक आम्ल. मोसम संपल्यावर प्राणी जगतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा प्रजनन करतो.

नीरिस कुळातल्या अनेक जातींचा मार्ग उलटा आहे. पक्व होताना प्राण्याचे रूपच बदलते. डोळे मोठे होतात, आतडे आक्रसते, मागच्या भागाचे पार्श्वपाद रुंद वल्ह्यांसारखे होतात आणि नवे चपटे दृढरोम फुटतात. या रूपाला हेटरोनीरिस म्हणतात. फार पूर्वी ही निराळीच प्रजाती समजून तिला वेगळे नाव दिले गेले होते, ते नाव असे उरले. रात्री हे प्राणी बीळ सोडून पृष्ठभागावर येतात, नर माद्यांभोवती गोल फिरतात, युग्मके सोडतात आणि मरतात. प्लॅटिनीरिस ड्युमेरिली या जातीत नर-मादीला एकत्र आणणारा संकेत ५-मिथिल-३-हेप्टॅनोन हा आहे. मादीने सोडलेल्या यूरिक आम्लाने नर शुक्राणू सोडतो.

नीरिस कुळात हे सगळे रोखून धरणारा ब्रेक मेंदूत असतो. मेंदूतून स्रवणारे संप्रेरक पक्वतेला अटकाव करते. कोवळ्या प्राण्याचे डोके काढले तर तो अकाली पक्व होतो. हेच संप्रेरक तुटलेली शेपूट पुन्हा वाढण्यासाठी लागते. म्हणून पक्ष्याने शेपूट तोडलेला कोवळा कृमी ती भरून काढतो, पक्व झालेला काढू शकत नाही. वेळ ठरवतो तो चंद्र. महिन्यातल्या काही रात्री मंद दिवा लावून ठेवला तरी प्रयोगशाळेतला प्लॅटिनीरिस त्याला चांदणे समजून त्या तालावर पक्व होतो, हे कार्ल हाउएनशिल्ड यांनी दाखवले. सामोआ आणि फिजीजवळचा पालोलो कृमी प्रवाळात राहतो, वाळूत नाही, पण तिथीचा इतका काटेकोर हिशेब दुसऱ्या कोणाचा नाही. तो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कृष्ण पक्षातल्या अष्टमीच्या आसपास वर येतो.

हेडिस्टे डायव्हर्सिकलर हा नीरिस कुळातलाच, पण रूप न बदलणारा. नर मादीच्या बिळाशी येऊन शुक्राणू सोडतो, मादी ते पंपाने आत घेते आणि अंडी सांभाळते. कॅपिटेला या कृमीची मादी नळीच्या आतल्या भिंतीला अंडी लावून बसते. पिढी लवकर उलटत असल्याने सांडपाण्याने प्राणवायू घटलेल्या पट्टीवर तो एकटाच माजतो. प्रदूषणाचा दाखला म्हणून त्याचे नाव पाठ करून घेतात ते यामुळे, पण १९७६ मध्ये कॅपिटेला ही एक जाती नसून दिसायला सारख्या अनेक जाती आहेत हे उघड झाले. पिगोस्पायो एलिगन्स तर स्वतःचे तुकडे करून वाढतो, प्रत्येक तुकड्याचा नवा प्राणी होतो.

फलित अंड्यातून भोवऱ्यासारखा, पक्ष्मिकांची (सूक्ष्म केसांची) पट्टी फिरवत पोहणारा ट्रोकोफोर डिंभ, म्हणजे पिल्लाची पहिली अवस्था, येतो. प्लॅटिनीरिसमध्ये १८° से. तापमानात तो साधारण २४ तासांत तयार होतो आणि ७२ तासांत तीन वलयांचा, दृढरोम असलेला डिंभ होतो. काही जातींचे डिंभ आठवड्यांपर्यंत प्लवकात (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांत) राहून खात वाढतात, काहींचे अंड्यातल्या पिवळ्यावर भागवून लवकर तळाशी बसतात. बसण्यापूर्वी ते वाळूचा कण, तिच्यावरचा जिवाणूंचा थर, मोठ्यांची दाटी चाचपतात. ॲरेनिकोलाची पिल्ले मोठ्यांच्या पट्टीत न बसता किनाऱ्याच्या वरच्या भागात बसतात. मोठे कृमी वाळू सतत उलथत असल्याने तिथे बारीक जीव गाडले जातात.

पश्चिम किनाऱ्यावर खरा मोसम पावसाळ्यानंतरचा. जून ते सप्टेंबरमध्ये खाडीमुखाची क्षारता घसरते, वाळू लाटांनी हलते आणि संख्या कोसळते. पाऊस ओसरल्यावर नवे डिंभ बसू लागतात.

नमुने गोळा करणे : लातूर-नांदेडहून रात्रभर प्रवास करून निघालेली सहल बहुधा दहा वाजता किनाऱ्यावर उतरते आणि चढलेले पाणी बघून परतते. तिथीचा ठोकताळा वापरला तर हे टळते. तिथीला तीनाने गुणून चाराने भागले की भरतीची वेळ येते. द्वितीयेला दीड वाजता भरती, म्हणजे ओहोटी सकाळी सात-सव्वासातला. हा आडाखा अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून छापील कोष्टक पाहावेच. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत पाणी सर्वांत खाली जाते. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीला, जाण्यात अर्थ नाही, कारण खालची पट्टी उघडीच पडत नाही. ओहोटीच्या दीड तास आधी पोचून पाण्यामागे खाली जावे आणि पाणी वळले की निघावे.

२५ सेंमी. बाजूची चौकट टाकून आधी गुंडाळ्या मोजाव्यात, मग २० सेंमी.पर्यंत माती काढावी. ॲरेनिकोलासाठी ४० सेंमी. लागतात. चाळणी ०.५ मिमी. छिद्रांची, १ मिमी.च्या चाळणीतून नुकती बसलेली पिढी निसटते आणि मग प्रजनन कधी झाले हेच कळत नाही. चाळणी समुद्राच्याच पाण्यात बुडवून हलकेच हलवावी. नळाच्या पाण्याचा जोरदार झोत मारला तर प्राणी तुटतात आणि गोड्या पाण्याने फुगतात.

जिवंत कृमी थेट फॉर्मॅलिनमध्ये टाकणे ही नेहमीची चूक. तो आकसतो, वेटोळे होतो, तुकडे पाडतो, आणि जाती ओळखायला लागणारी शुंडा आतच राहते. आधी भूल द्यावी : एक लिटर गोड्या पाण्यात स्फटिकी मॅग्नेशियम क्लोराइड ७५ ग्रॅम विरघळवून ते द्रावण समुद्राच्या पाण्यात निम्मेनिम्म मिसळावे आणि प्राणी स्पर्शाला हलेनासा होईतो ठेवावा. मग एक भाग बाजारचे फॉर्मॅलिन आणि नऊ भाग समुद्राचे पाणी. त्यात चिमूटभर टाकणखार घातला नाही तर द्रावण आम्ल होते आणि चुन्याच्या नळ्या झिजतात. एक-दोन दिवसांनी गोड्या पाण्यात धुऊन ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावे. डीएनएसाठी हवे असतील तर फॉर्मॅलिन लावू नये, सरळ ९५ टक्के अल्कोहोल.

जिवंत आणायचे असतील तर पाण्याने भरलेल्या डब्यापेक्षा समुद्राच्या पाण्यात भिजवलेल्या शैवालात, थंड पेटीत, एकेक वेगळे आणावेत. नीरिस एकमेकांना चावतात. मिठाचे पाणी म्हणजे समुद्राचे पाणी नव्हे. खाण्याच्या मिठात मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट नसते आणि लिटरला ३५ ग्रॅम नेमके मोजून घातले तरी कृमी टिकत नाहीत. मालवणच्या सागरी अभयारण्यात, जे १९८७ पासून आहे, परवानगीशिवाय काहीच उचलू नये.

उपयोग : गळाचे आमिष म्हणून आणि कोळंबीच्या अंडी उबवणी केंद्रांत मादी-नर पोसण्यासाठी हे कृमी लागतात, कारण त्यांतल्या मेदाम्लांनी कोळंबी पक्व होते. धोका असा, की किनाऱ्यावरून उपसलेला कृमी कोळंबीच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा विषाणू आपल्या आतड्यात आणतो. तो उकळून दिला तर विषाणू मरतो, पण मेदाम्लांचा काही भाग त्या पाण्यात जातो.