बीभत्स-विनोदी भयकथा

रक्तपात, तुटलेले अवयव, कुजकी प्रेते असा बीभत्स ऐवज आणि काळा विनोद, म्हणजे मरण-यातनांसारख्या गंभीर गोष्टींवरचा विनोद, यांची सांगड घालणारा भयसाहित्याचा प्रकार. वाचकाला शिसारी आणि हसू एकाच वाक्यात यावे, ही त्याची कसोटी. रक्त भरपूर सांडले की काम भागते, असा समज लेखकांतही आढळतो. पण पाचव्या मुंडक्यानंतर वाचक घाबरत नाही, नुसती शिरगणती करत राहतो.

संस्कृत काव्यशास्त्राला ही सांगड रुचली नसती. भरताच्या नाट्यशास्त्रातील आठ रसांत हास्य, भयानक आणि बीभत्स तिन्ही आहेत; बीभत्सातून भयानक उपजतो, असेही तिथे म्हटले आहे. १४व्या शतकातील विश्वनाथाने मात्र ‘साहित्यदर्पणा’त हास्य आणि भयानक एकमेकांचे विरोधी ठरवले. विरोध आहेच, आणि या कथा त्याच्यावरच जगतात.

हसू येते ते बहुधा प्रसंग आणि चिंता यांच्या विजोडपणातून. समजा, खुनी घाईघाईने प्रेत गालिच्यात गुंडाळतो. दारावर थाप पडते. तेवढ्यात त्याच्या लक्षात येते की गालिचा नवा आहे, डाग निघणार नाही. तो प्रेत पुन्हा बाहेर काढतो आणि जुनी चादर शोधू लागतो. इथे विनोद प्रेताचा नाही, काटकसरीचा आहे. म्हणूनच डाग किती मोठा, कुठल्या कोपऱ्यात, हे लेखकाने नेमके सांगावे लागते. मोघम रक्ताने ना भीती वाटते, ना हसू येते. मनोविश्लेषक फ्रॉइडने विनोदावरील लेखनात दिलेले उदाहरण याच जातीचे आहे: सोमवारी फाशीला नेला जाणारा कैदी म्हणतो, आठवड्याची सुरुवात तर छान झाली.

या रसायनाची मोठी प्रयोगशाळा म्हणजे पॅरिसचे ‘ग्राँ गिन्योल’ हे नाट्यगृह. ऑस्कार मेतेनिए याने ते १८९७ मध्ये एका जुन्या प्रार्थनामंदिरात सुरू केले. जेमतेम तीनशे आसने, रंगमंच अगदी नाकासमोर, छताशी जुने लाकडी देवदूत तसेच. नाव गिन्योल या लहान मुलांच्या लाडक्या हातबाहुल्याचे. म्हणजे थट्टा पाटीपासूनच. पुढे सूत्रे हाती घेतलेला माक्स मोरे किती प्रेक्षक बेशुद्ध पडले यावरून नाटकाचे यश मोजी, असे सांगतात. आंद्रे द लोर्द याने इथे वेडेपणा आणि छळ यांवर नाटके लिहिली. त्यांतील काहींसाठी त्याला बुद्धिमापन चाचणीचा जनक आल्फ्रेद बिने याची साथ होती. पण खरी युक्ती कार्यक्रमाच्या क्रमात होती. एकाच संध्याकाळी भयनाट्य आणि चावट प्रहसन आलटून पालटून होई, गरम-गार पाण्याच्या आंघोळीसारखे. हसून सैल पडलेला प्रेक्षक पुढच्या सुऱ्याला अधिक दचके.

अशा बीभत्सावर हसू का येते, याची उकल अनेकांनी केली आहे. पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरन या संशोधकांनी २०१० मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार, एखादी गोष्ट मर्यादा मोडणारी आणि तरीही निरुपद्रवी वाटली की हसू येते. चाहते क्रूर किंवा विकृत असतात हा आरोप जुनाच. त्याला पुरावा मात्र तोकडा. व्हिएन्नातील संशोधकांनी २०१७ मध्ये १५६ जणांना काळ्या विनोदाची व्यंगचित्रे दाखवली. ज्यांना ती नीट कळली आणि आवडलीही, ते बुद्धिमत्ता चाचण्यांत सरस आणि आक्रमकतेत कमी निघाले. अर्थात चाहत्यांनी लगेच कॉलर ताठ करू नये. ती चित्रे होती, कथा नव्हत्या.

निरुपद्रवीपणाची अट किती नाजूक आहे, हे ‘ग्राँ गिन्योल’च्या शेवटावरून दिसते. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रेक्षक आटत गेले आणि १९६२ मध्ये नाट्यगृह बंद पडले. युद्धाआधी रंगमंचावरचे प्रकार लोकांना अशक्य वाटत, आता ते शक्य असल्याचे कळले आहे, अशा आशयाचे शेवटचा संचालक शार्ल नोनों बोलला. बुखेनवाल्डच्या नाझी छळछावणीशी आम्ही बरोबरी करू शकत नाही, असेही त्याने सांगितले.