एका कोडने संधिवात ठरत नाही

आभा कार्डं (सरकारची डिजिटल आरोग्य-ओळख) निघाली, आता कुठल्या जिल्ह्यात कुठला आजार किती हे संगणक बसल्या जागी सांगेल, असं हल्ली छातीठोकपणे बोललं जातं. नोंदींवरून रुग्ण मोजणं किती चिवट काम आहे, हे पाहायचं तर कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातलं ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं उदाहरण घ्या. (वयोमानाने गुडघे झिजतात तो हा संधिवात नव्हे, यात आपलीच प्रतिकारशक्ती सांध्यांच्या अस्तरावर उलटते.)

ओंटारिओत डॉक्टरचं बिल सरकारी विमा भरतो. बिलावर तारीख आणि आजाराचा कोड असतो. या आजाराचा ७१४. मग ७१४ वाले मोजले की झालं? नाही. बोटं सुजलेली बाई फॅमिली डॉक्टरकडे जाते, त्यांना शंका येते, ते रक्ततपासणी लिहून देतात आणि बिलावर ७१४ टाकतात. पुढे रिपोर्ट निगेटिव्ह येतो, सूज उतरते. कोड मात्र नोंदीत राहतो तो राहतोच.

आता माझं आवडतं गणित. समजा १ लाख लोकांत खरे रुग्ण १,००० आहेत. नोंदींवरून रुग्ण ओळखायचा आपला नियम ९० टक्के रुग्ण पकडतो आणि आजार नसलेल्यांपैकी फक्त ५ टक्क्यांवर चुकून शिक्का मारतो. ऐकायला झकास! पण ९९,००० चे ५ टक्के म्हणजे ४,९५०. यादीत ९०० खरे, ४,९५० खोटे. शंभरात जेमतेम पंधरा खरे. उलट चुकीचा शिक्का ०.२ टक्क्यावर आणला, तर खरे ७८० च सापडले तरी खोटे १९८ उरतात आणि पाचांतले चार खरे निघतात. आजार जितका विरळा, तितकी ‘किती पकडले’ यापेक्षा ‘किती उगाच पकडले’ याची किंमत मोठी.

म्हणून तिथल्या संशोधकांनी अट कडक केली: या आजाराच्या कोडखाली एकदा तरी रुग्णालयात दाखल, नाहीतर दोन वर्षांत तीन बिलं आणि त्यांतलं किमान एक तज्ज्ञाचं. मग फॅमिली डॉक्टरांकडच्या खऱ्या केसपेपरांशी ताडून पाहिलं. ७८ टक्के रुग्ण सापडले, आणि यादीतलेही ७८ टक्के खरे ठरले. या हिशेबाने २०१० साली प्रांतात आजाराचं प्रमाण सुमारे ०.९ टक्के निघालं.

अशा यादीवरून पहिल्या कोडपासून ऱ्हुमॅटॉलॉजिस्टच्या (या आजाराच्या खास तज्ज्ञाच्या) पहिल्या बिलापर्यंत किती दिवस गेले, तेही काढता येतं. ते दिवस महत्त्वाचे, कारण मेथोट्रेक्सेटसारखं औषध लवकर सुरू झालं तर सांधे वाकडे होणं बरंच टळतं.

पण मेख त्या अटीतच आहे. तज्ज्ञाचं बिल हवं, आणि उत्तर ओंटारिओत ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट मुळात थोडे. तिथला रुग्ण यादीतून गळण्याची शक्यता जास्त, म्हणजे जिथे उपचारांची वानवा तिथेच आजार कमी दिसायचा! फिजिशियन आणि अस्थिरोगतज्ज्ञही तज्ज्ञांत धरल्याने ही गळती घटते, पण थांबत नाही.

याच्या अगदी उलटी पद्धत आपल्या पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला वापरली गेली. १९९६ साली पुण्याचे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने तिथे घरोघर जाऊन कुणाचं काय दुखतं ते विचारलं, सांधे हाताने तपासले. या आजाराचं प्रमाण ०.५ टक्क्याच्या आसपास आढळलं. आयुष्यात दवाखान्याची पायरी न चढलेली म्हातारीही अशा पाहणीत मोजली जाते.

आपल्याकडे फी रोख आणि केसपेपर प्लास्टिकच्या पिशवीत. आभाचा १४ अंकी नंबर काढला म्हणून पिशवीतला कागद आपोआप संगणकात जात नाही. तेव्हा त्या नोंदींवरून जिल्ह्याचा आकडा काढण्याआधी दोन-चार तालुक्यांत भिगवणसारखी पाहणी करावी आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवाव्यात. पाहणीत सापडलेले किती जण नोंदींत नाहीत, तो आकडा मला आधी बघायचा आहे.