दलित महिला परिषद, नागपूर (१९४२)

नागपूर येथे २० जुलै १९४२ रोजी भरलेली दलित स्त्रियांची अखिल भारतीय परिषद. आदल्या दोन दिवसांत मोहन पार्कमध्ये झालेल्या अस्पृश्यांच्या अखिल भारतीय अधिवेशनाला जोडून ती घेण्यात आली. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या डॉ. आंबेडकरांच्या राजकीय पक्षाची स्थापना याच अधिवेशनातली. परिषदेच्या अध्यक्षा अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे, तर स्वागताध्यक्षा कीर्तीबाई पाटील होत्या. उपस्थिती २० ते २५ हजार सांगतात. तो अंदाजच समजावा.

तिला ‘पहिली’ म्हणावे का, यावर एकमत नाही. ऑगस्ट १९३० मध्ये नागपुरातच झालेल्या अस्पृश्य वर्गाच्या अधिवेशनावेळीही स्त्रियांची सभा झाल्याचे नमूद आहे आणि काही अभ्यासक तिथून सुरुवात धरतात. मात्र वेगळ्या व्यासपीठाची निकड १९३७ नंतर वाढली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्या डिसेंबरात अखिल भारतीय महिला परिषद नागपुरात भरली असता दलित कार्यकर्त्या जाईबाई चौधरी यांना जेवणाच्या वेळी वेगळे बसवल्याचे सांगितले जाते. एकेकाळी हमाली करणाऱ्या जाईबाईंनी १९२२ मध्ये चोखामेळा कन्या पाठशाळा काढली होती.

डॉ. आंबेडकरांचे १९४२ च्या परिषदेतील भाषण सर्वपरिचित आहे. ठराव त्या मानाने दुर्लक्षित. गिरणी, विडी, नगरपालिका व रेल्वे यांतील स्त्रियांना वर्षाला २१ दिवस किरकोळ आणि एक महिना हक्काची रजा, दुखापतीची भरपाई, २० वर्षांच्या नोकरीनंतर दरमहा किमान १५ रुपये निवृत्तिवेतन, अशा मागण्या होत्या. गिरण्यांत बायकांवर स्त्री पर्यवेक्षक नेमाव्यात, असेही म्हटले होते. हजेरीपट असलेल्या गिरणीत हे हिशेबात बसणारे होते. विडीचे तसे नाही: सट्टेदाराकडून (मालकाच्या कंत्राटदाराकडून) पाने-तंबाखू घरी न्यायची, मजुरी हजार विड्यांच्या दराने आणि ‘छाट’, म्हणजे नापास ठरवलेल्या विड्या, वजा जाऊन. मालकाच्या वहीत नावच नसेल, तर २० वर्षे भरणार कशी? घरी विड्या वळणाऱ्या बायका कायद्याच्या व्याख्येत स्पष्टपणे आल्या त्या १९६६ च्या विडी व सिगार कामगार अधिनियमाने.

पत्नीला घटस्फोटाचा कायदेशीर हक्क आणि बहुपत्नीकत्वाला बंदी, हे ठरावही झाले. अनेक जातींत काडीमोड रूढ होती, पण निवाडा पंचांच्या हाती. १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाने दोन्ही मागण्या मान्य केल्या; कलम २९(२) ने मात्र रूढीतली काडीमोडही कायम ठेवली.